हजार रुपये फी घेऊन पार्टीला किती द्यायचं?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. तुम्ही बार्शीत छोट्या दुकानदारांचे हिशेब आणि जीएसटीची कामं बघता, महिन्याला हजार रुपये घेता. पलीकडच्या गल्लीत एकजण तेच काम सातशेत करतो. ‘घेता त्याहून जास्त द्या, पैसे मागून येतात’ असं सगळीकडून कानावर येतं, म्हणून तुम्ही पार्टीच्या, म्हणजे फी देणाऱ्या दुकानदाराच्या, मुलीचा कॉलेजचा फॉर्म भरून देता, आईचं पॅन-आधार जोडून देता, रात्री अकराला फोन आला तरी उचलता. एवढं करूनही दिवाळीनंतर दोन पार्ट्या सातशेवाल्याकडे गेल्या. तुमची पत्नी एका कारखान्यात अकाउंट्सला आहे. तीही रोज आठपर्यंत थांबते आणि पगारवाढ मात्र सगळ्यांना मिळते तेवढीच. तेव्हा जास्त द्यायचं म्हणजे किती, आणि हात आखडायचा कुठे?

मी इचलकरंजीत हेच काम करतो, व्हॅटच्या काळापासून. माझ्या मते तुम्ही कमी देताय ही अडचणच नाही. तुम्ही भरपूर देताय, पण ते मोजताय स्वतःच्या तासांत. पार्टी ते मोजते तिच्या गल्ल्यात. तुमचे तीन तास कॉलेजच्या फॉर्मवर गेले, त्यातून तिच्या गल्ल्यात एक रुपया आला नाही आणि गेलाही नाही. तिने मनापासून आभार मानले असतील, पण फीचा विषय निघाला की आभार आठवत नाहीत, सातशे आठवतात.

आधी एक गोष्ट मान्य करू. हे सगळं पार्टी कोण आहे त्यावर आहे. ज्याची बहुतेक विक्री करमुक्त आहे, खरेदी दोनचार ठिकाणांहून आहे आणि उधारी जवळपास नाही, त्याला तुम्ही कितीही हुशार असलात तरी फार काही वाचवून देऊ शकत नाही. त्याला फक्त रिटर्न वेळेत भरलेलं हवं. त्याच्यासाठी सातशेवाला अगदी बरोबर माणूस आहे, त्याला जाऊ द्या. आणि रिटर्न वेळेत भरणं म्हणजे काही जास्तीचं देणं झालं, असं समजू नका. उशीर झाला तर दिवसाला पन्नास रुपये लेट फी आणि थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज बसतं, ते बसू न देण्यासाठीच तो फी देतो. तिथे हिशेब बरोबरीत सुटला. जास्तीचं त्याच्या पुढे सुरू होतं.

माझ्या कामातलं उदाहरण देतो. एक हार्डवेअरचं दुकान. महिन्याला वीसबावीस पुरवठादारांकडून माल येतो. तुम्हाला माहीतच आहे, १ जानेवारी २०२२ पासून पुरवठादाराने बिल स्वतःच्या रिटर्नमध्ये दाखवलं आणि ते आपल्या टू-बीत, म्हणजे पोर्टलवर आपोआप बनणाऱ्या खरेदीच्या यादीत उतरलं, तरच क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट मिळते. पुरवठादाराची मुदत ११ तारीख, तिमाहीला रिटर्न भरणाऱ्यांनी बिलं मधेच चढवायची तर १३, टू-बी तयार होतं १४ला आणि आपलं थ्री-बी, म्हणजे कर भरायचं रिटर्न, २०ला. आपल्या धंद्यातले बरेच जण टू-बी बघतात १९ला संध्याकाळी. त्यात जेवढं दिसेल तेवढं क्रेडिट घेतात, राहिलेलं ‘पुढच्या महिन्यात येईल’ म्हणून सोडतात. रिटर्न बरोबर जातं, कुणी काही बोलत नाही.

मी १५ला बघतो आणि दुकानदाराला व्हॉट्सअ‍ॅपवर चार ओळी पाठवतो. पुरवठादाराचं नाव, बिल नंबर, रक्कम १,१८,०००, त्यातला टॅक्स १८,०००, टू-बीत नाही. खाली एकच वाक्य: ‘यांना पुढचं पेमेंट देण्याआधी विचारा.’ सगळी गंमत त्या ‘देण्याआधी’त आहे. पैसे अडकलेले असतात तोवर पुरवठादार फोन उचलतो, त्याच्या अकाउंटंटला सांगतो आणि पुढच्या रिटर्नला बिल चढतं. पैसे मिळून गेले की तोच माणूस ‘आमचे साहेब गावाला गेलेत’ म्हणतो. खरेदीची नोंद टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, झालेली असेल तर हे जुळवायला मला अर्धा तास लागतो. दुकानदाराचे अठरा हजार वाचतात. तुमची वर्षाची फी बारा हजार आहे, म्हणजे एका बिलात वर्ष निघालं.

आता हे दर महिन्याला घडत नाही. कित्येक महिने यादी कोरी असते. मग मी ‘या महिन्यात सगळी बिलं आली आहेत’ एवढंच कळवतो, कारण तपासलं आहे हेही त्याला कळायला हवं. आणि पार्टी पिशवीभर बिलं १८ तारखेला आणून टाकत असेल तर यातलं काहीच जमत नाही. म्हणून मी सुरुवातीलाच सांगतो की ७ तारखेपर्यंत खरेदीची बिलं आली तर १५ला यादी मिळेल, नंतर आली तर फक्त रिटर्न भरून मिळेल. ही अट घालायला पहिल्यांदा जड जातं. पण चांगल्या पार्ट्या ती पाळतात, आणि न पाळणाऱ्यांनाही निदान आपलं काय हुकतंय ते कळतं. असंच ऑक्टोबरात मागच्या वर्षाचं राहिलेलं क्रेडिट चाळायचं, कारण ३० नोव्हेंबर उलटली की ते कायमचं गेलं.

दुसरं उदाहरण थोडं नाजूक आहे, कारण त्यात आपल्या फीचा प्रश्न येतो. एका जनरल स्टोअर्सवाल्याचा जीएसटी नंबर नेहमीच्या पद्धतीतला होता, म्हणजे महिन्याला दोन, वर्षाला चोवीस रिटर्न. माल बहुतेक साबण, टूथपेस्ट, शाम्पू, केसांचं तेल, सगळा तेव्हा १८ टक्क्यांचा. गिऱ्हाईक सगळं घरगुती, कुणाला टॅक्सचं बिल नको. करासकट नव्वदला पडलेली वस्तू तो करासकट शंभरला विकायचा. विक्रीतला कर १५.२५, खरेदीतला १३.७३, म्हणजे शंभरामागे दीड रुपया भरायचा. कंपोझिशनमध्ये, म्हणजे विक्रीवर ठरावीक टक्का भरायच्या सोप्या पद्धतीत, गेला तर खरेदीतलं क्रेडिट सुटतं, पण भरायचा शंभरामागे फक्त एक रुपया. अर्ध्या रुपयाचा फरक. त्याची वर्षाची विक्री साठ लाख होती, म्हणजे वर्षाला तीस हजार. कंपोझिशनची मर्यादा दीड कोटी, परराज्यात विक्री नाही, सगळं बसत होतं. मी त्याला तिकडे घातलं. चोवीस रिटर्नची पाच झाली, तेव्हा माझी फीही खाली आली. वर्षाला दहा हजार माझे गेले.

मग २२ सप्टेंबर २०२५ला हाच सगळा माल १८वरून ५ टक्क्यांवर आला. पुन्हा मांडणी करा. शंभराच्या विक्रीत कर ४.७६, नव्वदच्या खरेदीत ४.२९, म्हणजे नेहमीच्या पद्धतीत भरायचे जेमतेम ४८ पैसे, आणि कंपोझिशनमध्ये तोच एक रुपया. गणित उलटलं. मी त्याला सांगितलं की आता बाहेर पडू, हातातल्या जुन्या साठ्यावरच्या क्रेडिटसाठी तीस दिवसांत अर्ज टाकू, आणि रिटर्नं वाढणार म्हणून फी पुन्हा पहिल्यासारखी होईल. तो एका शब्दाने काही बोलला नाही. का बोलेल? मागच्या वेळी माझं नुकसान करून मी त्याचा फायदा सांगितला होता, हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. हाच सल्ला आधीची पार्श्वभूमी नसताना दिला असता, तर ‘फी वाढवायला निमित्त काढलं’ असं तो मनात म्हणाला असता. आणि मलाही त्याच्या जागी तसंच वाटलं असतं.

तुमच्याकडे कंपोझिशनमधली किराणा किंवा जनरलची दुकानं असतील तर हे गणित त्यांच्या खऱ्या मार्जिनवर मांडून बघा. मार्जिन वेगळं असेल, सुट्या धान्यासारखा करमुक्त माल जास्त असेल, तर उत्तर वेगळं येईल. बाहेर केव्हाही पडता येतं, पण पुन्हा आत जायचं तर नव्या आर्थिक वर्षापासूनच, आणि तेही ३१ मार्चच्या आत कळवून. तेव्हा घाईने उड्या मारायला लावू नका.

आमच्या गावचं तिसरं उदाहरण आहे उधारीचं. खर्चीवाले यंत्रमागधारक व्यापाऱ्याचं सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देतात. मजुरी तीनतीन महिने अडकते आणि तोवर हे लोक बँकेच्या कॅश क्रेडिटवर, म्हणजे व्याजाच्या उचलीवर, कामगारांचे पगार काढतात. चार लाख रुपये दोन महिने जास्त अडकले तर १२ टक्क्यांनी आठ हजार व्याज गेलं. २०२३च्या अर्थसंकल्पात आयकराच्या कलम ४३ब मध्ये एक तरतूद घातली गेली आणि ती २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून लागू झाली. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं देणं लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत दिलं नाही, तर देणाऱ्याला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी वजा मिळतो. मार्चएंडला व्यापाऱ्याचा सीए अशी थकलेली नावं काढून बसतो. पण त्याला कळणार कसं, की हा यंत्रमागवाला लघु उद्योग आहे? म्हणून उद्यम नोंदणीचा, म्हणजे लघु उद्योगाच्या सरकारी नोंदणीचा, नंबर प्रत्येक बिलावर छापायचा आणि फेब्रुवारीत एक साधं, नम्र पत्र द्यायचं. पत्राचा मसुदा एकच, नावं तेवढी बदलायची. मला लागले असतील दोन तास, आणि त्यावर कितीतरी पार्ट्यांचे पैसे मार्चच्या आत सुटले.

सगळ्यांचे सुटले नाहीत, हेही सांगतो. काही व्यापाऱ्यांनी ‘उद्यम असेल तर काम देणार नाही’ असं तोंडावर सांगितलं. ज्याची सगळी मजुरी एकाच व्यापाऱ्याकडून येते, त्याने पत्र द्यावं का, हा निर्णय मी त्याच्यावर सोडतो. दोन्ही बाजू समजावून सांगणं एवढंच माझं काम. शिवाय नुसता व्यापार करणाऱ्याला, म्हणजे माल आणून तसाच विकणाऱ्याला, उद्यम नोंदणी असली तरी या तरतुदीचा उपयोग नाही. बार्शीत तुमच्याकडे डाळमिल, ऑइलमिल, फॅब्रिकेशनवाले असतील तर त्यांना आहे, दुकानदारांना नाही.

या तिन्हींत काय सारखं आहे बघा. मला लागलेला वेळ थोडा, पार्टीला झालेला फायदा मोठा, आणि तारीख उलटायच्या आत काम झालं. १५ची यादी २५ला दिली तर ती नुसती बातमी झाली. तुमची मेहनत स्वस्त पडते आणि पार्टीला तिची किंमत मोठी वाटते, अशा जागा शोधायच्या. कॉलेजचा फॉर्म बरोबर याच्या उलट आहे. तुमची अख्खी दुपार जाते, आणि तेच काम सेवा केंद्रात पन्नासशंभर रुपयांत होतं.

म्हणून फुकटची कामं बंद करा, असं म्हणणार नाही. गावात राहायचं तर थोडं करावं लागतं, लग्नाला आहेर करतो तसं समजून करा आणि विसरून जा. पण ते फीच्या हिशेबात धरू नका. धरलं की तुम्हाला राग येतो, ‘एवढं केलं तरी गेला’ असं वाटतं. त्या दोन पार्ट्यांबद्दल तुम्ही लिहिलेल्या ओळींत मला तो राग दिसला.

काही कामं मात्र फुकट करूच नका. नोटिशीचं उत्तर, बँकेच्या कर्जासाठी प्रोजेक्ट रिपोर्ट, मागच्या तीन वर्षांची दुरुस्ती. याचे दर आधीच सांगून ठेवा. यात जबाबदारी असते, आणि फुकट केलेलं काम माणूस नकळत घाईत उरकतो. माझ्याकडे नवी पार्टी आली की एका कागदावर दोन भाग लिहून देतो, फीत काय येतं आणि वेगळे पैसे कशाचे. आणि एक गोष्ट कुठल्याच भागात नसते. टॅक्सचे पैसे मी माझ्या खात्यात घेत नाही. पार्टी कितीही ‘तुम्हीच भरा हो’ म्हणाली तरी चलन काढून देतो, भरायचं तिने.

सातशेवाल्याचा एक पैलू तुम्ही प्रश्नात ओझरता लिहिला आहे, की तो ‘टॅक्स शून्य करून देतो’ म्हणतो. त्याला त्याच्या वाटेने जाऊ द्या. माल न घेता नुसत्या बिलावर क्रेडिट घेतलं आणि ते उघडकीला आलं, की क्रेडिट परत, वर व्याज, वर तेवढाच दंड, आणि हे सगळं पार्टीच्या माथी. असा फायदा देण्याची स्पर्धा तुम्हाला करायची नाही. एखादी पार्टी त्यासाठीच गेली असेल तर तुमची सुटका झाली समजा.

आता पत्नीच्या नोकरीबद्दल. नोकरीतही मोजमाप तेच, पण तिथे एक जास्तीची अडचण आहे. मी थेट दुकानदाराला यादी पाठवतो. तिचं काम मालकापर्यंत पोचायच्या आधी मधल्या साहेबाच्या टेबलावरून जातं. आठपर्यंत थांबल्याचं कुणाला दिसतं? सुरक्षारक्षकाला. त्यापेक्षा दर सोमवारी सकाळी एक पानाची यादी काढून तिने साहेबाला द्यावी, की कोणाकडून किती येणं आहे आणि ते साठ दिवसांच्या वर गेलंय का. टॅलीत ती निघतेच, पण बहुतेक कारखान्यांत ती कुणी वेळेवर समोर ठेवत नाही. माझ्या एका पार्टीकडच्या मुलीने असंच स्वतःहून सुरू केलं. ट्रान्सपोर्टची बिलं ई-वे बिलाशी, म्हणजे माल वाहतुकीच्या ऑनलाइन कागदाशी, ताडून बघायला लागली आणि एकाच गाडीची दोन बिलं आलेली तिने पकडली. दुसऱ्या महिन्यापासून मालक थेट तिलाच विचारायला लागले. पगार मात्र लगेच वाढला नाही. एप्रिलमध्ये तिने स्वतः विषय काढला, पकडलेल्या रकमा कागदावर लिहून नेल्या, तेव्हा वाढला. आणि सगळेच मालक असे नसतात. काहींना कितीही वाचवून दिलं तरी ते ‘तुझं कामच आहे ते’ म्हणतात. एक वर्ष हे करून बघावं, तो कागद जपून ठेवावा, आणि इथे उपयोग झाला नाही तर दुसरीकडच्या मुलाखतीला तोच घेऊन जावं.

तुमच्या फीचंही तसंच. वर्षभर पार्टीचं काय वाचलं ते तुम्ही सांगितलं नाही तर तिला कळणार नाही. मी मार्चमध्ये प्रत्येकाला अर्ध्या पानाची टीप देतो: किती बिलांचं क्रेडिट पाठपुरावा करून आणलं, किती रक्कम होती, लेट फी किती लागली (शून्य असेल तर शून्य), पुढच्या वर्षी काय सांभाळायचं. फुशारकी नको, आकडे पुरेत. त्याच कागदाच्या तळाला एप्रिलपासूनची फी. ज्याचे वीस हजार वाचले त्याच्याकडे हजाराचे बाराशे मागायला तुम्हाला संकोच वाटणार नाही, आणि त्याला द्यायलाही. ज्याचं काहीच वाचलं नाही त्याची वाढवू नका.

रात्री अकराच्या फोनचं सोपं आहे. १८ ते २० तारखेला नऊपर्यंत उचला, एरवी सातनंतर ‘सकाळी बोलू’ असा मेसेज टाका. नोटीस आली असेल तर ती सकाळपर्यंत थांबू शकते, पोर्टलवर उत्तराला मुदत दिलेली असते.

गेलेल्या दोन पार्ट्यांच्या मागे जाऊ नका. परत आल्या तर घ्या, पण मधल्या महिन्यांचं टू-बी आणि भरलेली रिटर्नं तपासायची वेगळी फी आधी सांगा. ती द्यायला तयार असतील, तरच फाइल उघडा.